लाँगहॉर्न भुंगेऱ्यांचा संग्रह: लेबलवर काय लिहायचं आणि कधी लिहायचं

प्रश्न असा आला आहे: विद्यापीठाच्या कीटकसंग्रहासाठी लाँगहॉर्न, म्हणजे लांब मिशांचे, भुंगेरे गोळा करते आहे. काही दिव्याला आले, काही सापळ्यात मिळाले, काही सुकलेल्या फांद्यांतून बाहेर पडले. प्रत्येकाच्या टाचणीला जातीचं नाव, ठिकाण आणि तारीख असं लेबल लावलं तर पुरेल का? आणि यजमान वनस्पती (जिच्यावर अळी वाढते ती) म्हणून भुंगेरा ज्या झाडावर बसलेला दिसला त्याचं नाव लिहायचं का?

पुरणार नाही. आणि बसलेल्या झाडाचं नाव यजमान म्हणून तर अजिबात लिहू नका. दोन्ही उत्तरांमागचं कारण एकच आहे. तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलं आणि त्यावरून जो अंदाज बांधला, त्या दोन गोष्टी लेबलवर एकत्र आल्या की पुढे कुणालाही त्या वेगळ्या करता येत नाहीत. भुंगेरा नीट वाळवून ठेवला तर शंभर-दोनशे वर्षं टिकतो. तेवढ्या काळात त्याचं नाव कदाचित तीनदा बदलेल, कारण नाव हे कुणाचं तरी मत असतं. ठिकाण, तारीख आणि तो कसा मिळाला ही माहिती मात्र फक्त तुमच्याकडे आहे, आणि तीही त्या दिवसापुरतीच. म्हणून माझ्या लेखी महत्त्वाचा क्रम असा: आधी घटनेची नोंद, मग नमुना, आणि नाव सगळ्यात शेवटी.

लाँगहॉर्न भुंगेऱ्यांचं सेराम्बिसिडी हे कुळ प्रचंड मोठं आहे. वर्णन झालेल्या जाती ३५,००० च्या घरात आहेत, आणि आकाराची व्याप्ती काही मिलिमीटरपासून अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या टायटॅनस जायगँटियसपर्यंत, ज्याची लांबी १६ सेंटिमीटरच्या पुढे जाते. बहुतेकांच्या अळ्या लाकडात, सालीखाली, खोडात किंवा मुळांत वाढतात. शेतकरी ज्यांना भिरूड किंवा खोडकिडा म्हणतात त्यातल्या काही अळ्या याच कुळातल्या. प्रौढ भुंगेऱ्याचं आयुष्य काही आठवड्यांचं, अळीचं मात्र एक-दोन वर्षांचं, कधी त्याहून खूप लांब. म्हणजे या कीटकाचं खरं चरित्र लाकडाच्या आत घडतं आणि आपल्या हाती येतो तो त्याचा अखेरचा भाग. नोंद करताना हे सतत ध्यानात ठेवावं लागतं.

यजमान वनस्पतीचं आधी बोलू, कारण या कुळाच्या संग्रहांत सर्वांत जास्त घोळ इथेच झालेला आहे. लेप्ट्युरिनी या उपकुळातले भुंगेरे फुलांवर परागकण खायला येतात. त्यांच्या अळ्या भलत्याच झाडाच्या कुजक्या लाकडात वाढलेल्या असतात. दिव्याला आलेला भुंगेरा शेजारच्या झुडपावर विसावतो, आणि लेबलवर ते झुडूप यजमान म्हणून चढतं. पुढे कुणीतरी जातींची यादी करताना ते लेबल वाचतो, यादीवरून दुसरी यादी तयार होते, आणि चुकीची जोडी छापील साहित्यात कायमची रुजते. याउलट टेट्राओपेस या वंशातले लाल-काळे भुंगेरे रुईच्या कुळातल्या वनस्पतींवर बसतात, त्यांचीच पानं खातात आणि त्यांच्या अळ्याही त्याच वनस्पतींच्या मुळांवर वाढतात. तिथे प्रौढ जिथे दिसला तेच यजमान निघालं. पण हे आपल्याला ठाऊक आहे ते कुणीतरी मुळं खणून अळ्या पाहिल्या म्हणून.

तेव्हा लेबलवर क्रिया लिहा. ‘अमुक झाडाच्या फुलावर बसलेला’, ‘अमुक झाडाची कोवळी साल खाताना’, ‘अमुक झाडाच्या खोडावर अंडी घालताना’, ‘अमुक झाडाच्या मेलेल्या फांदीतून बाहेर आलेला’. ही चार विधानं चार वेगळ्या तोलाची आहेत. यातलं शेवटचंच यजमानाचा पक्का पुरावा आहे. तिसरं त्याच्या जवळ जातं, तरी पक्कं नाही, कारण अंडी घातली म्हणजे अळी जगली असं होत नाही. झाडाची ओळख खात्रीची नसेल तर पान, फूल किंवा फळासह फांदी दाबून वाळवा, तिला नंबर द्या आणि तोच नंबर भुंगेऱ्याच्या नोंदीत घाला. वनस्पतितज्ज्ञाने उद्या झाडाचं नाव सुधारलं तर तुमची नोंद आपोआप सुधारते.

लाकडातून भुंगेरे निघेपर्यंत थांबणं ही या कामातली सर्वांत हळू आणि सर्वांत समृद्ध पद्धत. अलीकडे मेलेली फांदी, वादळात पडलेलं खोड, कडेच्या सालीखाली ताजा भुसा दिसणारं लाकूड आणा आणि हवा खेळेल अशा झाकणाच्या डब्यात किंवा बारीक जाळीच्या पिशवीत ठेवा. ओन्सिडेरेस वंशाच्या माद्या जिवंत फांदीला गोलाकार काप देतात आणि कापाच्या पुढच्या, मरू लागलेल्या भागात अंडी घालतात. वाऱ्याने ती फांदी खाली पडते. जमिनीवर टोकाशी गोल कुरतडलेली फांदी दिसली तर ती उचलाच, तिच्यात अळ्या असण्याची शक्यता फार मोठी असते. नियम एकच, पण तो मोडू नका: एका डब्यात एकाच झाडाचं लाकूड. दोन जातींच्या फांद्या एकत्र ठेवल्या आणि भुंगेरा निघाला, की तो कुठल्या झाडाचा हे सांगायचा अधिकार आपण गमावला.

डब्यावर झाडाचं नाव, फांदीचा व्यास, ती झाडाला लटकत होती की जमिनीवर पडली होती, लाकूड ओलं, नुकतं मेलेलं की भुसभुशीत, हे लिहा. या तपशिलांना कुणी कमी लेखतं तेव्हा मला वाईट वाटतं, कारण बोटाएवढ्या जाडीच्या फांदीत वाढणारी जात आणि त्याच झाडाच्या बुंध्यात वाढणारी जात अनेकदा वेगळी असते. हे कळण्याचा दुसरा मार्गच नाही. डबा एका हंगामानंतर रिकामा करू नका. सुक्या लाकडात अळीची वाढ मंदावते. सूचिपर्णी झाडांच्या इमारती लाकडात वाढणारा हायलोट्रुपेस बॅज्युलस हा भुंगेरा कोरड्या, निकस लाकडात दहा वर्षांहून अधिक काळ अळीच्या अवस्थेत राहू शकतो.

इथे तारखेचा मुद्दा येतो. डब्यात निघालेल्या भुंगेऱ्याला दोन तारखा असतात: लाकूड आणलं तो दिवस आणि भुंगेरा बाहेर आला तो दिवस. दोन्ही लिहा आणि कुठली कशाची ते शब्दांत लिहा. डबा खोलीत उबेला असेल तर भुंगेरा निसर्गात निघाला असता त्याच्या कितीतरी आधी निघतो. नुसती दुसरी तारीख लिहिली तर पुढचा अभ्यासक तिला त्या जातीचा उडण्याचा काळ समजेल. ठिकाणाचंही तसंच. आयात केलेल्या पेटीच्या किंवा फर्निचरच्या लाकडातून निघालेला भुंगेरा ज्या गावात सापडला तिथला नसतो. अ‍ॅनोप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस ही चीन आणि कोरियाकडची जात १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या झाडांत सापडली. ती मालाच्या लाकडी पॅकिंगमधून आली असं मानलं जातं. असा नमुना हाती आला तर ‘आयात लाकडी पेटीतून, पेटी अमुक देशातून’ हे शब्द टाचणीवरच हवेत. रजिस्टरच्या शेरा रकान्यात ठेवून भागत नाही, कारण रजिस्टर आणि नमुना कधी ना कधी वेगळे होतात.

सापळ्यातल्या आणि दिव्यावरच्या नमुन्यांना त्यांची पद्धत चिकटलेली राहू द्या. काळ्या पॅनेलच्या किंवा नरसाळ्यांच्या सापळ्याला फ्लुऑनसारखा गुळगुळीत लेप दिला तर भुंगेरे निसटत नाहीत आणि पकड बरीच वाढते. म्हणून लेप होता की नव्हता हेही नोंदवा. आमिष काय होतं ते नेमकं लिहा. आमिषाच्या वासाच्या रसायनांपैकी ३-हायड्रॉक्सीहेक्सन-२-ओनला सेराम्बिसिनी उपकुळातल्या अनेक जाती येतात, फ्युस्क्युमॉलला लॅमिइनी उपकुळातल्या, मोनोकॅमॉलला मोनोकॅमस वंशातल्या. आमिष न लिहिता नुसतं ‘सापळा’ लिहिलं तर अमुक जात तिथे विपुल होती की फक्त त्या वासाला धावून आली, हे कळत नाही. सापळा जमिनीपासून किती उंचीवर होता तेही महत्त्वाचं, कारण झाडाच्या शेंड्याकडे फिरणाऱ्या जाती आणि खाली फिरणाऱ्या जाती सारख्या नसतात. सापळ्याच्या नमुन्याला लावल्याची आणि काढल्याची अशा दोन तारखा असतात. दिव्याच्या बाबतीत दिव्याचा प्रकार आणि वेळ लिहा. आणि ज्या फेरीत एकही भुंगेरा मिळाला नाही तिचीही नोंद वहीत ठेवा. ती नसेल तर पकडलेल्यांच्या संख्येवरून काहीच तुलना करता येणार नाही.

आता प्रत्यक्ष लेबल. पहिल्या लेबलवर देश, राज्य, जिल्हा, सर्वांत जवळचं नाव असलेलं ठिकाण आणि तिथून अंतर व दिशा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. दुसऱ्यावर पद्धत, अधिवास आणि झाडाशी संबंधित क्रिया. तिसऱ्यावर संग्रहाचा क्रमांक. ओळखीचं लेबल सर्वांत खाली, वेगळं. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या, डब्ल्यूजीएस ८४ या (जीपीएस वापरतं त्या) प्रमाणात आहेत असं नोंदवा आणि त्यासोबत अनिश्चितता मीटरमध्ये लिहा. फोन दाट झाडीखाली सहज दहा-वीस मीटर चुकतो. पाच दशांश स्थळं लिहिली म्हणून जागा एका मीटरपर्यंत ठाऊक झाली असं होत नाही. सापळ्यांची रांग दोनशे मीटर लांब असेल आणि तुम्ही मधला एकच बिंदू घेतला असेल, तर अनिश्चितता किमान शंभर मीटर. आकडे असले तरी ठिकाणाचं नाव गाळू नका. आकड्यात एक अंक चुकला तर तो पकडून देणारं तेच एक साधन आहे.

तारीख ५/६/२४ अशी कधीही लिहू नका. ती ५ जून आहे की ६ मे, हे देशोदेशी वेगळं वाचलं जातं, आणि २४ म्हणजे कुठलं शतक हे शंभर वर्षांनी कोण सांगणार? महिना रोमन अंकात किंवा अक्षरांत, वर्ष चार अंकी.

हे लेबल संध्याकाळी खोलीवर येऊन लिहायचं नाही. भुंगेरा नळीत गेला की त्याच नळीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी जाते. चिठ्ठीवर निदान घटनेचा क्रमांक तरी हवाच. एक ठिकाण, एक तारीख, एक पद्धत म्हणजे एक घटना, आणि तिला एक क्रमांक. तो क्रमांक पुन्हा कधीही वापरायचा नाही. दिवसभरात चार ठिकाणं फिरून आठवणीवर भिस्त ठेवली की दोन ठिकाणांच्या नळ्यांची अदलाबदल होते, आणि ती झाल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. मला या सगळ्यात त्याचीच भीती वाटते. रिकामं लेबल निदान आपण रिकामं आहे हे सांगतं. चुकीचं लेबल बरोबर असल्यासारखं दिसतं.

नमुना हाताळण्याविषयी थोडं. जिवंत लाँगहॉर्न एका नळीत एकच ठेवा. दोन ठेवले तर ते एकमेकांच्या मिशा आणि पाय कुरतडतात, आणि या कुळात मिशांचे खंड, त्यांची लांबी आणि त्यांवरचे केस हीच ओळखीची लक्षणं. किलिंग जार, म्हणजे भुंगेरा मारायची बरणी, काचेचा हवा, कारण त्यात वापरलं जाणारं इथाइल अ‍ॅसिटेट अनेक प्लास्टिक विरघळवतं. जारमध्ये ओल जमली तर लॅमिइनींच्या अंगावरची लव चिकटून नक्षी बिघडते. म्हणून टिपकागदाच्या पट्ट्या घाला आणि लवदार नमुने फार काळ आत ठेवू नका. डीएनएसाठी नमुना हवा असेल तर इथाइल अ‍ॅसिटेट टाळा. फ्रीझरमध्ये मारा, एक पाय काढून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉलमध्ये थंड ठेवा, आणि त्या नळीवर भुंगेऱ्याचाच क्रमांक घाला. अल्कोहोलमधल्या चिठ्ठीसाठी पेन्सिल किंवा पिगमेंट शाई वापरा. लेझर प्रिंटची अक्षरं तिथे सुटून तरंगतात.

टाचणी उजव्या पंखकवचाच्या वरच्या भागातून, मधल्या आणि मागच्या पायांच्या मधून बाहेर येईल अशी. मधोमध टोचली तर दोन्ही पंखकवचांच्या सांध्यावरची लक्षणं जातात. उजवीकडे टोचण्याचा संकेत जगभर पाळला जातो, म्हणजे डावी बाजू सगळ्यांकडे शाबूत राहते. मिशा अंगालगत मागे वळवून वाळवा. बाजूला पसरलेल्या मिशा देखण्या दिसतात, पण पेटीतून दुसरा नमुना काढताना पहिल्या त्याच मोडतात. प्रायोनिनी उपकुळातल्या जाड माद्या चरबीमुळे काही महिन्यांत तेलकट काळ्या पडतात. पोट बाजूने उघडून आतला भाग काढून टाका आणि तरीही तेल आलं तर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवा. मोडलेला पाय किंवा मिशी त्याच टाचणीवरच्या छोट्या कार्डावर चिकटवा, कधीही दुसऱ्या नमुन्याला जोडू नका.

ओळखीच्या लेबलवर कुणी आणि कुठल्या वर्षी ओळखलं ते हवं. वंशापर्यंतच खात्री असेल तर वंशावर थांबा; ‘अमुक वंश, जात अनिश्चित’ ही संपूर्ण सन्मान्य नोंद आहे. फोटोंशी जुळवून दिलेलं जातीचं नाव बऱ्याचदा तुमच्या ठिकाणच्या भुंगेऱ्याचं नसतं, कारण अनेक वंशांत फरक नराच्या जननेंद्रियांतच दिसतो. म्हणूनच जमेल तिथे एकाच घटनेतले नर आणि मादी दोन्ही ठेवा. मिशांच्या लांबीवरून बहुतेक वेळा ते ओळखू येतात. मात्र गरजेपेक्षा जास्त मारू नका. पाचवा-सहावा नमुना नवं काही सांगत नसेल तर फोटो आणि नोंद घेऊन सोडून द्या. आणि जुनं लेबल, मग ते कितीही चुकलेलं, डागाळलेलं, अपुरं असो, टाचणीवरून काढायचं नाही. तुमची दुरुस्ती नव्या लेबलवर, तुमच्या नावाने आणि वर्षासह, त्याच्या खाली लावा.

संगणकातल्या नोंदीसाठी डार्विन कोअर या प्रमाण रचनेचे रकाने सुरुवातीपासून वापरा. जीबीआयएफसारख्या जीवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक भांडारात माहिती द्यायची झाली तर पुन्हा मांडणी करावी लागत नाही. दोन गोष्टी मी आग्रहाने सांगते. लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, त्यातल्या चुकांसकट, एका रकान्यात उतरवा आणि तुमचा अर्थ शेजारच्या रकान्यात. आणि दिवस, महिना, वर्ष असे तीन रकाने ठेवा, कारण स्प्रेडशीट तारखा न विचारता बदलते. प्रत्येक नमुन्याचा क्रमांक जगात एकमेव असावा, आणि तो टाचणीवर, तक्त्यात, फोटोच्या फाइलनावात आणि डीएनएच्या नळीवर तोच असावा.

परवान्याचा क्रमांकही याच तक्त्यात. संरक्षित क्षेत्रात गोळा करायला परवानगी लागते, आणि काही जाती स्वतःच संरक्षित आहेत: रोझालिया अल्पिना आणि सेराम्बिक्स सर्डो यांना युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाने संरक्षण दिलेलं आहे. जनुकीय संसाधनांच्या वापराबद्दलचा २०१० चा नागोया करार २०१४ पासून लागू झाल्यावर देशाबाहेर नमुने पाठवताना त्यांचा कायदेशीर उगम दाखवावा लागतो. परवाना नोंदीला जोडलेला नसेल तर उत्तम नमुनाही परदेशी तज्ज्ञाकडे पाठवता येत नाही.

संग्रहाच्या कपाटात नवी पेटी सरळ नेऊ नका. प्लास्टिकमध्ये सीलबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक उघडू नका, नाहीतर नमुन्यांवर दव धरतं. वाळलेले कीटक खाणाऱ्या अँथ्रेनस या छोट्या भुंगेऱ्याच्या अळ्या एका पेटीतून आल्या तर सगळं कपाट पोखरतात. टाचणीखाली बारीक तपकिरी भुकटी दिसली तर ती पेटी लगेच बाजूला काढा. डांबर गोळ्यांवर विसंबू नका. त्यांनी कीड मरेल याचा भरवसा नसतो आणि वाफ तिथे काम करणाऱ्यांच्या आरोग्याला घातक असते.

शेवटचं काम बहुतेक जण विसरतात. तुमचा अभ्यासक्रम संपेल तेव्हा मूळ क्षेत्रवही संग्रहाकडे द्या, स्वच्छ उतरवलेली प्रत वेगळी. त्यासोबत अजून बंद असलेल्या डब्यांची यादीही द्या: डब्याचा क्रमांक, झाड, लाकूड आणल्याची तारीख, आतापर्यंत काय निघालं, आणि डबा किमान कधीपर्यंत रिकामा करायचा नाही. त्यातले काही भुंगेरे तुम्ही गेल्यावर निघतील, आणि ते कुठून आले हे तेव्हाच्या माणसाला त्या यादीवरूनच कळणार आहे.